जनतेच्या वास्तूचं भाडं

४ फेब्रुवारी

आज मला ‘मालक’ म्हणाला! भर रस्त्यात! आणि म्हणाला कोण, तर माझी पत्रकं जन्मभर छापत आलेला माझा छापखानेवाला मित्र. “काय मालक, आज इकडे कुठे?” मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

म्हणजे बातमी फुटली. अक्का सरकारला नोटीस देणार आहे. तळमजल्यावरच्या सरकारी कार्यालयाने कित्येक वर्षांचं भाडं थकवलंय, ते वसूल करायचं. नोटीस माझ्या थोरल्या बहिणीची, पण घरातला बोलका माणूस मी. त्यामुळे लोकांच्या लेखी ती माझी. घरमालकांना जळवा म्हणालेला मी. ढेकूण म्हणालेला मी. एकदा तर (माईक नवा होता, गर्दी चांगली होती) ‘विटामातीचे दरोडेखोर’ म्हणालेला मी!

आता कार्यालय कुठलं, तेही लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे! भाडेकरू तक्रार निवारण कार्यालय. ज्यांना घरमालक छळतात त्यांनी तिथे दाद मागायची. ते आमच्या भागात व्हावं म्हणून मी मोर्चे काढले, उपोषणं केली, दोनदा आवाज घालवला. (दुसऱ्यांदा गेला तेव्हा अक्का म्हणाली होती, “आठवडाभर घर कसं छान वाटलं!”) मंजुरी आली तेव्हा जागा मिळेना. अक्काचा तळमजला मीच सुचवला. भाडंही ठरलं, रीतसर.

भाडेकरूंचा तारणहार भाडं बुडवतो आणि घरमालकाने तक्रार करायची तर त्याच्याच खिडकीत! हे दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मी यावर तासभर बोललो असतो. टाळ्याही घेतल्या असत्या.

७ फेब्रुवारी

अक्काचं म्हणणं साधं आहे. गुडघे.

दोन्ही गेलेत. जिना उतरायचा तर बसून, एकेक पायरी घसरत. ते तिला पटत नाही, म्हणून गेलं वर्षभर ती खाली उतरलेलीच नाही. जग तिच्याकडे टोपलीतून येतं. गॅलरीतून दोरीने टोपली खाली जाते, भाजीवाली तीत भाजी घालते, अक्का वरून घासाघीस करते आणि सगळा रस्ता ऐकतो. आवाज आमच्या घराण्यातच आहे. तिने तो भाजीवर खर्च केला, मी मानवजातीवर. भाव तिनेच कमी करून दाखवले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. आणि लवकर. फार थांबलात तर बदलूनही चालता येईल याची खात्री नाही.

मी म्हणालो, “वर्गणी काढतो. माझा शब्द कुणी मोडणार नाही.”

“माझ्या गुडघ्यांची वर्गणी? मग तू सभा घेणार, अध्यक्ष बसवणार, आभार मानणार. नको रे बाबा! माझं भाडं थकलंय, ते आण. माझ्या गुडघ्यांना माझे पैसे.”

“अक्का, सरकारशी भांडायचं म्हणजे दीर्घ लढा असतो.”

“मग इतकी वर्षं कसला सराव करत होतास?”

८ फेब्रुवारी

खाली जाऊन आलो. नोटिशीआधी एकदा माणसासारखं बोलून पाहावं म्हणून.

तिथल्या साहेबांना सगळे पाहूसाहेब म्हणतात. काहीही विचारा, ते “पाहू” म्हणतात. माणूस वाईट नाही. मला पाहून उठून उभे राहिले, चहा मागवला.

“भाऊ, तुमचं भाडं मला कळत का नाही? पण करार संपलाय. नवा करार झाल्याशिवाय भाडं काढता येत नाही.”

“मग करार करा!”

“ज्या जागेची थकबाकी आहे तिचा नवा करार करता येत नाही.”

“हे कुणी ठरवलं?”

“वरून आलंय.”

“आणि वर कुणी ठरवलं?”

“त्यांनाही वरूनच येतं, भाऊ.”

मी वर पाहिलं. वर अक्का होती.

टेबलावर मूठ आपटून निघणारच होतो. पण बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं मला पाहून उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, “भाऊ, तुमच्यामुळे माझं छप्पर राहिलं हो.” झालं! छाती फुगली, मूठ सुटली. सगळ्यांना नमस्कार करत बाहेर पडलो.

वर आल्यावर अक्काने विचारलं, “काय म्हणाले?”

“चहा चांगला होता,” म्हणालो.

९ फेब्रुवारी

नोटीस गेली. सरकारवर दावा लावण्याआधी त्याला विचार करायला मुदत द्यावी लागते म्हणे. इतकी वर्षं विचारच तर चालला होता!

२६ फेब्रुवारी

छापखान्यात गेलो. मित्र खिळ्यांच्या जमान्यातला. बोट अजून काळं, जीभही.

“तुझ्या भाषणातला मालक कसा होता रे? पोट सुटलेला. दहा बोटांत अंगठ्या. तोंडात चिरूट.”

“हो. तू तसंच चित्र छापलं होतंस.”

“मग अक्काचा चिरूट कुठे ठेवतोस?”

हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य पायात येत राहिलं. खरंच, माझ्या मालकाला गुडघे कधी नव्हतेच. पोट होतं, अंगठ्या होत्या. मोठमोठे ग्रंथ वाचून, समासात खुणा करकरून मी तो माणूस बनवला होता, आणि त्याच वेळी एक खरी घरमालकीण रोज माझं ताट वाढत होती. ती मला दिसली नाही. पुस्तक मध्ये होतं.

१९ एप्रिल

सरकारचं उत्तर आलं. वाचलं. खाली बसलो. पुन्हा वाचलं.

उत्तरात कायद्याचं कलम नाही. दगड आहे. माझा दगड!

कार्यालयाच्या दाराशी भिंतीत बसवलेला काळा दगड. त्यावर उद्घाटनाच्या माझ्या भाषणातलं वाक्य कोरलंय: ‘ही वास्तू कुणा एकाची नाही, ती जनतेची आहे.’ सरकार म्हणतं, जागा जनतेची असल्याचं मालकांच्या वतीने जाहीर झालेलं आहे, ती घोषणा दारावर आजही आहे, सबब भाड्याची मागणी उद्भवत नाही. शेवटी लिहिलंय, ‘माननीय वक्त्यांच्या उदात्त भूमिकेचा शासनास नितांत आदर आहे.’

आदर! इतका खर्चिक आदर मला आजवर कुणी दिला नव्हता.

दगड मी निवडला होता. कोरणाऱ्याशी अक्षरांवरून भांडलो होतो. तो म्हणत होता बारीक बरी दिसतील. मी म्हणालो, मोठी काढ, लांबून वाचता आली पाहिजेत. निघाली. कोर्टातून वाचता येतील इतकी मोठी निघाली.

आणि त्या संध्याकाळी, हार उतरवत वर आलो तेव्हा अक्का म्हणाली होती, “छान बोललास. पण वास्तू माझी आहे हो.” मी हसलो होतो. चांगलं भाषण झालं की माणूस कशालाही हसतो.

२१ एप्रिल

धाकट्या बहिणीची मुलगी आली. वकील आहे. आता आमचीच वकील. कडेवर घेऊन जिला मी क्रांतीचे अर्थ सांगितले, तिने मला समोर बसवून उलटतपासणी घेतली.

“मामा, तुम्ही या घरात कोण?”

“कोण म्हणजे? मावशीचा भाऊ तुझ्या!”

“कायद्यात भाऊ कुणी नसतो. घर मावशीच्या यजमानांनी बांधलं. त्यांनी लिहून ठेवलंय, मावशी आहे तोवर घर तिचं, भाडंही तिचं. तिच्यामागे सगळं तिच्या दिरांचं. यात तुम्ही कुठे आहात?”

“वरच्या मागल्या खोलीत!”

ती हसली नाही. “मालक नाही. वारस नाही. भाडेकरू असतात तर गोष्ट वेगळी. घर दिरांकडे जाईल तेही त्यातल्या भाडेकरूंसकट. भाडेकरूला कुणी हात लावू शकत नाही. तुम्हीच आणलेला कायदा आहे तो. पण तुम्ही भाडेकरूही नाही. तुम्ही पाहुणे आहात, मामा.”

खरं आहे. मी चार दिवसांसाठी आलो होतो. पक्षाची खोली सुटली, दुसरी मिळेपर्यंत म्हणून. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मी खो खो हसलो. राजकारणात बेघर झालेला माणूस घराघरांत हक्क वाटत फिरतो आणि स्वतः बहिणीकडे पाहुणा! यावर नाटक होईल म्हणालो.

अक्का मटार सोलत होती. ती हसली नाही. नुसता एक दाणा हातात धरून बसली.

भाची म्हणाली, “हे आपल्या फायद्याचं आहे. जी वस्तू तुमची नव्हती ती तुम्ही देऊन टाकू शकत नाही. कोर्टात येऊन एवढंच सांगायचं.”

एवढंच! म्हणजे माझं आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य पोकळ होतं, हे मी शपथेवर सांगायचं.

५ मे

अक्काचे धाकटे दीर येऊन गेले. वहिनींची तब्येत पाहायला म्हणे. तब्येत पाहिली ती भिंतींची. चहा घेता घेता माझ्या खोलीत डोकावले.

“भाऊ, पुस्तकं केवढी झाली! न्यायला ट्रकच लागेल.”

“कुठे न्यायची?”

“छे, सहज म्हटलं.”

सज्जन गृहस्थ. पुस्तकांची कदर असलेले लोक कमी झालेत.

२ जून

दावा दाखल होऊन तारीखही लागली. भाड्याच्या दाव्यांसाठी वेगळं आणि झटपट कोर्ट हवं, ही मागणीही कुणाची होती? माझीच! माझ्या एखाद्या घोषणेचा घरच्या माणसाला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

साक्षीची तयारी सुरू केली. रोमपासून सुरुवात करावी असं वाटतं.

६ जून

भाचीने रोम काढलं. मध्ययुगही काढलं. माझे कागद हातात तोलून म्हणाली, “मामा, कोर्टात फक्त ‘होय’ आणि ‘नाही’.”

“आणि जिथे विवेचन लागेल तिथे?”

“तिथे ‘नाही’.”

अक्का आतून ओरडली, “ते जुन्या काळचे वक्ते तोंडात गोटे धरून सराव करायचे असं तूच सांगतोस ना? दे ग त्याला दोन-चार!”

१४ जून

कोर्ट. माझा सदरा इस्त्रीचा. मागच्या बाकांवर छापखानेवाला आणि त्याच्या शेजारी, देवा रे, माझे जुने श्रोते! भाडेकरूंच्या सभांत पुढे बसणारे. आज मी मालकाच्या बाजूने उभा.

सरकारी वकील तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, “लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आपलं भाषण ऐकलंय, सर.” आणि मग त्याच भाषणाने मला सोलायला लागला.

“दगडावरचं वाक्य आपलंच?”

“होय.”

“उच्चारताना आपण शुद्धीत होतात?”

“होय.” (मागून छापखानेवाल्याचा खोकला.)

“वास्तू आपल्या मालकीची होती?”

“नाही.”

“मालकिणीने आपल्याला ती जनतेला देण्याचा अधिकार दिला होता?”

“नाही.”

“मग वास्तू मालकीची नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, हजार माणसांसमोर ती आपण जनतेला कशी काय देऊन टाकलीत?”

इथे ‘होय’ चालेना, ‘नाही’ चालेना. भाचीकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. माझ्या तोंडात रोम आलं होतं, मध्ययुग आलं होतं. सगळं गिळलं.

“सवयीने,” म्हणालो.

कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्याही. मागच्या बाकांवर तर हशा थांबेना. माझ्या कुठल्याही भाषणातल्या कुठल्याही विनोदाला असा हशा आला नव्हता.

भाची बाहेर येऊन म्हणाली, “मामा, तुमचं सर्वोत्तम भाषण!”

एका शब्दाचं.

१५ जून

झोप लागली नाही नीट. हसू येतं आणि चावतंही.

पण एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच विसरेन. मी बाजू बदललेली नाही. मी जन्मभर बोललो ते बळाच्या विरुद्ध. ज्याच्या हातात दार आहे त्याने, ज्याच्या हातात काही नाही त्याला रस्त्यावर काढू नये, एवढाच माझा धर्म. या खटल्यात दार कुणाच्या हातात आहे? शिक्का, मंजुरी, वकील, वेळ, सगळं ज्याच्याकडे तो भाडेकरू आहे. आणि जिना उतरता येत नाही ती मालकीण! नावं फिरलीत, वजन तेच आहे. सरकार दुसऱ्याच्या जागेत राहायला आलं की ते राजा नसतं. ते भाडेकरू असतं, आणि भाडेकरूने भाडं द्यायचं असतं. कायदा करणाऱ्याने तो आधी पाळायचा. नाहीतर तो कायदा कसला? हुकूमच की!

वा! हे कोर्टात बोलायला हवं होतं.

बरं झालं बोललो नाही.

२३ ऑगस्ट

जिंकलो!! सगळी थकबाकी, व्याजासह. न्यायाधीशबाईंनी लिहिलंय की सरकार हा भाडेकरू इतर भाडेकरूंसारखाच. करार संपला तरी जागा वापरली तेवढ्याचं भाडं लागतं. मंजुरी अडली हा सरकारचा आपसातला प्रश्न, त्याची झळ मालकिणीने सोसायची नाही. आणि भाषणाने कुणाच्या घराचं दान होत नाही.

हे शेवटचं वाक्य छापखानेवाला मोठ्या अक्षरांत छापून फ्रेम करून देणार आहे. दगडाखाली लावायला.

१२ सप्टेंबर

पैसे आले नाहीत. पाहूसाहेब म्हणाले, “निकाल वर पाठवलाय.”

अक्का आता गॅलरीपर्यंतही भिंत धरून जाते. आज टोपली मी सोडली. भाजीवालीने मला पाहून भाव वाढवले.

९ ऑक्टोबर

आज मी जे केलं ते उद्या वाचताना खरं वाटणार नाही, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

पैसे देत नाहीत म्हटल्यावर भाचीने जप्तीचा हुकूम आणला. सकाळी कोर्टाचा बेलिफ हमाल घेऊन कार्यालयाच्या दारात. जप्ती कशाची? खुर्च्या, टेबलं, कपाटं, पंखा, आणि बाहेरची बाकं.

बाकं! तक्रारवाल्यांची बाकं! ती म्हातारी, तीच, छप्परवाली, नुकती टेकली होती. हमालाने तिला उठवलं आणि बाक उचललं.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी पायरीवर उभा होतो आणि माझा हात वर होता. “थांबा! ही बाकं सरकारची नाहीत! ही बाकं जनतेची आहेत! माझ्या अंगावरून न्या ही बाकं!”

गर्दी जमली. टाळ्या पडल्या! बेलिफ बिचारा हुकूम उलटसुलट करून पाहत होता. विचारतो, “पण साहेब, दावा तुमच्याच घरचा ना?”

आणि वरून, गॅलरीतून, भाजीचे भाव पाडणारा तो आवाज:

“अरे गप्प बस! माझ्या गुडघ्यांची जप्ती आहे ती! तिची तू सभा करतोस?”

टाळ्या तिला जास्त पडल्या.

मी पायरीवरून उतरलो. बाकाला वाट दिली. म्हातारीला माझा हात दिला. ती म्हणाली, “भाऊ, न्या म्हणावं बाक. तुमच्या बहिणीला उभं राहता येत नाही, मला येतंय.”

हमाल आत गेले. पाहूसाहेब आपल्या खुर्चीत बसून होते. खुर्ची त्यांच्यासकट उचलायची की कसं, यावर चर्चा झाली. तेव्हा ते उठले, खुर्ची स्वतः सरकवून दिली आणि उभ्याउभ्या फोन लावला. वर. मी दारातून ऐकत होतो. “मी जमिनीवर बसून काम करू का? नाही, उद्या नाही. आज!” माणूस ‘पाहू’ म्हणाला नाही. माझ्याकडे वळून मात्र म्हणाला, “भाऊ, हे तुम्ही आधीच का नाही केलंत? माझी फाइल तरी हलली असती.”

१७ ऑक्टोबर

पैसे आले. पूर्ण! बाकं परत आली. करारही नवा झाला. मला वाटलं होतं अक्का रडेल. तिने डॉक्टरांना फोन केला.

६ नोव्हेंबर

डावा झाला. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईला अक्का माझी साक्ष सांगत होती. नर्सही थांबून ऐकत होती. “सवयीने” आलं की तिघी हसतात.

मी फळं घेऊन दारातच थांबलो. हशा ओसरू दिला.

२० जानेवारी

आज अक्का जिना उतरली! उजवाही झाला, व्यायामही झाले. कठडा धरून, एकेक पायरी, उभ्याने. मी खाली उलटा उतरत पुढे, हात पसरून. “बाजूला हो, पडेन तर तुझ्यावरच पडेन आणि नवे गुडघे फुटतील.”

खाली आली. दगडासमोर उभी राहिली. हवेली विकत घ्यायची असल्यासारखं निरखून पाहिलं.

“काढायचा का हा?” मी विचारलं.

“राहू दे. अक्षर सुरेख आहे.” मग कार्यालयात गेली. बाकावर बसली. पाहूसाहेबांनी चहा मागवला. किती वेळ आत बसली होती! काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाली, “चहा चांगला होता.”

१ फेब्रुवारी

हे काय!

सकाळी अक्काने समोर बसवून सांगितलं, “आजपासून तू खोलीचं भाडं द्यायचंस. दर एक तारखेला. पावती मिळेल. खालच्या कार्यालयात नोंद करून आले आहे.”

मला वाटलं गंमत. गंमत नव्हती!

“अक्का, भावाकडून भाडं?”

“कायद्यात भाऊ कुणी नसतो.”

भाडं जास्त नाही. दोन सभांच्या मानधनातून निघेल. पण प्रश्न पैशाचा आहे का? सरकारकडून वसूल करायची चटक लागली, ती घरात शिरली! छापखानेवाल्याला सांगितलं तर तो गडबडा लोळायचा बाकी राहिला. “आता तुझा चिरूट तिला दे!”

खरा मालक असाच तयार होतो. मी लिहिलं होतं ते चुकीचं नव्हतं. पोट तेवढं नंतर सुटतं.

२ फेब्रुवारी

भाडं दिलं नाही. तत्त्व म्हणून. अक्काने मागितलं तेव्हा म्हणालो, “पाहू.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर जेवताना मी मान वर केली नाही.

५ फेब्रुवारी

दिलं. पावती तिने स्वतः लिहिली, तारीख मोठ्या अक्षरांत. ‘लांबून वाचता आली पाहिजे,’ म्हणाली.

१ मार्च

दिलं. अबोला चालू. म्हणजे माझा. तिच्या लक्षात आलंय की नाही कळत नाही. “किती शांत वाटतंय,” म्हणाली आज.

३१ मार्च

दुपारी दोन्ही दीर आले. मी आतल्या खोलीत होतो, दार लोटलेलं. थोरले बोलत होते, “वहिनी, राग मानू नका. तुम्ही आहात तोवर प्रश्नच नाही. पण पुढे आम्हाला घर पाडून बांधायचंय. भाऊंनी आतापासून सोय पाहिलेली बरी. ऐन वेळी त्यांनाच त्रास.”

अक्का म्हणाली, “कोण भाऊ? त्या खोलीत माझा भाडेकरू राहतो. खाली नोंद आहे. त्याला हलवायचं तर कायदा बघा. समजला नाही तर त्यालाच विचारा, तो सविस्तर सांगतो.”

बाहेर कप ठेवल्याचा आवाज आला. मग जिन्यावर दोघांच्या चपला वाजल्या.

उद्या एक तारीख. भाडं आजच नेऊन दिलं. एक शब्द बोललो नाही.